त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं होतं

विचारलेला प्रश्न असा: शाळेत शिकवलं होतं की गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहून पृथ्वी फिरते हे सिद्ध केलं, पाद्र्यांनी दुर्बिणीला डोळा लावायलाच नकार दिला आणि त्याला तुरुंगात डांबलं. यातलं खरं किती? चर्च मुळातूनच खगोलशास्त्राचं वैरी होतं का? आणि मग पृथ्वी फिरते हे खरोखर सिद्ध झालं तरी कधी?

मी खगोलशास्त्राचा इतिहास शिकवतो आणि हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो. पाद्र्यांनी दुर्बिणीतून पाहिलं होतं. गॅलिलिओने पृथ्वीचं फिरणं सिद्ध केलेलं नव्हतं. आणि तरीही त्याला दिलेली शिक्षा अन्यायाचीच होती. बहुतेक लोक यातलं एखादं विधान पकडून बाकीची सोडून देतात. चर्चचे वकील पहिली दोन घेतात, चर्चचे विरोधक फक्त तिसरं.

आधी दुर्बिणीचं पाहू. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूभोवती फिरणारे चंद्र दिसले आणि मार्चमध्ये त्याचं छोटं पुस्तक छापून बाहेर पडलं. रोममध्ये जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका विद्वान साधुसंघाचं, मोठं विद्यालय होतं, कोलेजिओ रोमानो. तिथला ज्येष्ठ गणिती क्रिस्टोफर क्लाव्हियस म्हणजे १५८२च्या दिनदर्शिका सुधारणेतला प्रमुख माणूस. आपण आज वापरतो ते कॅलेंडर त्याच सुधारणेतून आलं. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. क्लाव्हियसला सुरुवातीला गुरूच्या चंद्रांवर विश्वास बसला नाही, पण चांगली दुर्बीण हाती आल्यावर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतः निरीक्षणं केली. एप्रिल १६११ मध्ये कार्डिनल (पोपखालोखालचा धर्माधिकारी) बेलार्मिनोने या गणितज्ञांना लेखी विचारलं की गॅलिलिओ म्हणतो ते दिसतं का. चौघांनी पाच दिवसांत उत्तर दिलं: दिसतं. आकाशगंगेतले तारे, शनीचा विचित्र आकार, शुक्राच्या कला, गुरूचे चार चंद्र, सगळं दिसतं. चंद्रावरच्या डोंगरांबद्दल मात्र म्हाताऱ्या क्लाव्हियसने हात आखडता घेतला. खाचखळगे दिसतात हे कबूल, पण ते खरे डोंगर असण्यापेक्षा चंद्राचं द्रव्य कमीजास्त दाट असावं असं त्याला वाटत होतं. पुढच्याच महिन्यात याच विद्यालयाने गॅलिलिओचा जाहीर सत्कार केला.

मग नकार दिला तो कुणी? ज्याचं नाव या गोष्टीला कायमचं चिकटलं आहे तो चेझारे क्रेमोनिनी. पाद्री नव्हे, पादुआ विद्यापीठातला ॲरिस्टॉटल शिकवणारा तत्त्वज्ञ आणि गॅलिलिओचा मित्र. त्या काचांतून पाहिलं की डोकं गरगरतं, असं तो म्हणाला. गंमत म्हणजे हा क्रेमोनिनी स्वतः इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, नजरेत होता, कारण ॲरिस्टॉटलच्या आधारे तो आत्म्याच्या अमरत्वाबद्दल शंका येईल असं काहीबाही शिकवत असे. म्हणजे दुर्बीण नाकारणारा माणूस चर्चला संशयित वाटत होता आणि दुर्बिणीला दुजोरा देणारे चर्चचेच साधू होते.

आता पुराव्याकडे. इथे जरा थांबतो, कारण सगळी गुंतागुंत इथेच आहे आणि पाठ्यपुस्तकं इथूनच पळ काढतात.

शुक्राच्या कला हा सगळ्यात भक्कम पुरावा. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या पृथ्वीकेंद्री मांडणीत शुक्र नेहमी पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे राहतो, त्यामुळे तो पूर्ण गोल उजळलेला कधीच दिसू नये. गॅलिलिओला तो कधी बारीक कोर तर कधी जवळजवळ पूर्ण बिंब असा दिसला. म्हणजे शुक्र सूर्याभोवती फिरतो. टॉलेमी गेला. पण टॉलेमी गेला म्हणजे सूर्य मध्यभागी ठेवणारा कोपर्निकस आला असं होत नाही. मधे तिसरा उमेदवार उभा होता, टायको ब्राहे. दुर्बिणीपूर्वीच्या काळातला सगळ्यात अचूक निरीक्षक. त्याच्या मांडणीत पृथ्वी स्थिर, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती. या मांडणीतही शुक्राच्या कला नेमक्या तशाच दिसतात. गुरूचे चंद्रही तिला अडत नाहीत. ग्रहांच्या एकमेकांपासूनच्या अंतरांपुरतं बघितलं तर टायको आणि कोपर्निकस यांच्यात फरकच नाही, फक्त कुणाला स्थिर धरायचं एवढाच प्रश्न. दुर्बिणीतून ग्रह कितीही वेळ पाहिले तरी या दोघांत निवाडा होत नव्हता.

निवाडा करू शकणारी एक गोष्ट होती, ताऱ्यांचा पराशय. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर जवळचे तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. टायकोने शोधलं, सापडलं नाही. कोपर्निकसचं उत्तर असं की तारे इतके दूर आहेत की सरकणं कळत नाही. आज आपल्याला हे उत्तर बरोबर असल्याचं माहीत आहे म्हणून ते सहज पटतं. त्या काळी त्यात एक मोठी अडचण होती. नुसत्या डोळ्याला तेजस्वी तारा टिकलीएवढा दिसतो, आणि टायकोने पहिल्या प्रतीच्या ताऱ्याचा व्यास अंशाच्या तिसाव्या भागाएवढा धरला होता. पराशय अंशाच्या साठाव्या भागाहून कमी, कारण तेवढा असता तर टायकोच्या उपकरणांना कळला असता. आता हिशोब करा. असा तारा पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेपेक्षा मोठा निघतो! एक नव्हे, आकाशातला प्रत्येक ठळक तारा. त्यांच्यापुढे सूर्य म्हणजे धुळीचा कण. टायकोला हे हास्यास्पद वाटलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

दुर्बिणीने ही अडचण कमी केली, पण संपवली नाही. गॅलिलिओला ताऱ्याचं बिंब बरंच लहान दिसलं, साधारण ५ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). तरी ते बिंबच होतं. ताऱ्याचं दुर्बिणीतलं वाटोळं बिंब खोटं असतं, प्रकाशाच्या तरंगांमुळे भिंगाच्या कडेशी तयार होतं, हे गणिताने दाखवलं जॉर्ज एअरीने १८३५ मध्ये. लहान दुर्बिणीला जास्त विशालन देणारी नेत्रिका लावून स्वाती किंवा चित्रा पाहा, हे फसवं बिंब तुम्हालाही दिसेल. सतराव्या शतकातल्या माणसाने ते खरं मानलं यात मूर्खपणा नाही.

याशिवाय रोजच्या अनुभवातले आक्षेप होतेच. पृथ्वी फिरते तर वर फेकलेला दगड मागे का पडत नाही? गॅलिलिओने याचं सुरेख उत्तर दिलं, चालत्या जहाजाच्या बंद खोलीतल्या फुलपाखरांचं आणि थेंबाथेंबाने ठिबकणाऱ्या पाण्याचं. पण आक्षेप उडवून लावणं म्हणजे पुरावा देणं नव्हे. स्वतःचा म्हणून त्याने जो पुरावा पुढे केला तो भरती-ओहोटीचा. पृथ्वीच्या दुहेरी गतीमुळे समुद्राचं पाणी हिंदकळतं, असा तो सिद्धान्त. त्यातून दिवसाला एकच भरती यायला हवी. कोकणातल्या कुठल्याही कोळ्याने सांगितलं असतं की भरती दिवसातून दोनदा येते आणि चंद्राप्रमाणे येते. जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने चंद्राचा संबंध जोडला होता, पण गॅलिलिओने त्याला हसण्यावारी नेलं. केप्लरने १६०९ मध्येच ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं मांडलं होतं, आणि सूर्यकेंद्री मांडणीची खरी ताकद तिथे होती. गॅलिलिओ वर्तुळांनाच धरून बसला. एवढ्या मोठ्या माणसाचा हा हट्ट मला आजही नीट समजत नाही.

आता चर्चची बाजू पाहू. कोपर्निकसचं पुस्तक १५४३ मध्ये छापलं गेलं. तो स्वतः पोलंडमधल्या फ्रॉमबोर्कच्या कॅथेड्रलचा पदाधिकारी, पुस्तक अर्पण केलेलं पोप तिसऱ्या पॉलला. त्यानंतर ७० वर्षांहून अधिक काळ त्यावर रोमने बंदी घातली नव्हती. मग १६१६ मध्येच असं काय झालं?

झालं असं की वाद आकाशातून बायबलवर उतरला. यहोशवाच्या पुस्तकात सूर्याला थांब म्हटल्यावर सूर्य थांबतो. सूर्य मुळात फिरतच नसेल तर त्याला थांब म्हणण्यात काय अर्थ? डिसेंबर १६१३ मध्ये मेदिची घराण्याच्या राजमाता क्रिस्तीना यांच्यासमोर हा मुद्दा निघाला, आणि गॅलिलिओने आपला शिष्य कास्तेल्ली याला लांबलचक पत्र लिहिलं. बायबल लोकांना समजेल अशा भाषेत बोलतं, त्यावरून निसर्गाचे निर्णय करू नयेत, असा त्याचा आशय. मुद्दा योग्यच होता, संत ऑगस्टीननेही त्या दिशेचं लिहून ठेवलेलं होतं. पण वेळ वाईट. प्रोटेस्टंट बंडानंतर ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये ठरवलं होतं की प्राचीन धर्मपित्यांच्या एकमताविरुद्ध कुणीही स्वतःच्या बुद्धीने बायबलचा अर्थ लावायचा नाही. आणि इथे एक गणिती, दीक्षा न घेतलेला गृहस्थ, नेमकं तेच करत होता. पत्राच्या नकला फिरल्या. फ्लॉरेन्समधल्या एका डॉमिनिकन साधूने रोमला तक्रार पाठवली, दुसऱ्याने तर प्रवचनपीठावरूनच गणितज्ञांवर तोफ डागली.

त्या वेळी बेलार्मिनोने लिहिलेलं एक पत्र या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. फोस्कारिनी नावाच्या कार्मेलाइट साधूने कोपर्निकस आणि बायबल यांचा मेळ घालणारी पुस्तिका लिहिली होती, तिला १२ एप्रिल १६१५ रोजी दिलेलं हे उत्तर. चर्चचे वकील त्यातला तिसरा मुद्दा उद्धृत करतात: सूर्य मध्यभागी आहे याचा खरोखरचा पुरावा मिळाला तर बायबलमधल्या वचनांचा अर्थ लावताना फार जपून चालावं लागेल, आणि सिद्ध झालेली गोष्ट खोटी म्हणण्यापेक्षा आपल्यालाच ती वचनं कळली नाहीत असं म्हणावं लागेल. मात्र असा पुरावा मला दाखवला जात नाही तोवर तो आहे असं मी मानणार नाही. वाचायला किती समंजस! पण त्याच पत्रातला दुसरा मुद्दा हे लोक गाळतात. तिथे बेलार्मिनो म्हणतो की हा विषय श्रद्धेचा नाही असं म्हणून सुटका नाही, कारण बायबलमध्ये जे सांगितलं ते सांगणारा पवित्र आत्मा आहे. अब्राहमला दोन मुलं होती आणि याकोबाला बारा, हे नाकारणं जसं पाखंड, तसंच हेही. म्हणजे एका हाताने दार किलकिलं ठेवलं आणि दुसऱ्या हाताने कडी घातली.

माझ्या मते चर्चची चूक नेमकी इथे आहे. "तुम्ही हे सिद्ध केलेलं नाही" हे बेलार्मिनोचं म्हणणं १६१५ मध्ये पूर्ण रास्त होतं. एखाद्या आजच्या परीक्षकानेही शोधनिबंधावर हेच लिहिलं असतं. पण फेब्रुवारी १६१६ मध्ये ११ धर्मशास्त्र्यांच्या मंडळाने चार-पाच दिवसांत जो अभिप्राय दिला तो "सिद्ध झालेलं नाही" असा नव्हता. सूर्य स्थिर आहे हे म्हणणं तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मूर्खपणाचं आणि सरळसरळ पाखंडी, असा तो होता. "अजून कळलेलं नाही" यावरून उडी थेट "असं म्हणायचंच नाही" यावर. ५ मार्चच्या हुकमाने कोपर्निकसचं पुस्तक "दुरुस्त होईपर्यंत" स्थगित झालं, फोस्कारिनीची पुस्तिका पूर्ण बंद. दुरुस्त्या १६२० मध्ये आल्या आणि त्या पाहण्यासारख्या आहेत. पृथ्वीच्या तिहेरी गतीची सिद्धता असा मथळा असलेल्या प्रकरणाला तिहेरी गतीचं गृहीतक असं नाव द्या, अशा धाटणीच्या. आकडेमोडीला हात लावला नाही, कारण ती चर्चलाही हवी होती.

गॅलिलिओला व्यक्तिशः बेलार्मिनोने बोलावून समज दिली. ती नेमकी काय होती यावर १६३३चा सगळा खटला फिरला. बेलार्मिनोने गॅलिलिओला दिलेल्या दाखल्यात फक्त एवढंच होतं की हे मत बाळगू नये आणि त्याचं समर्थन करू नये. इन्क्विझिशनच्या दप्तरातल्या सही नसलेल्या टिपणात मात्र "कोणत्याही प्रकारे शिकवू नये" असंही होतं. १६३२ मध्ये गॅलिलिओचा तीन पात्रांमधला संवाद प्रसिद्ध झाला, रीतसर परवानगी घेऊन, तेव्हा बेलार्मिनो वारून ११ वर्षं झाली होती आणि हे टिपण कपाटातून बाहेर आलं.

पोप आठवा उर्बान हा तर एके काळचा गॅलिलिओचा चाहता, त्याच्यावर स्तुतिकाव्य लिहिलेला. त्याचा लाडका युक्तिवाद असा की देव सर्वशक्तिमान आहे, तो तोच परिणाम आपल्याला न सुचलेल्या कितीतरी रीतींनी घडवू शकतो, म्हणून कुठलाही सिद्धान्त अंतिम म्हणू नका. गॅलिलिओने तो पुस्तकाच्या शेवटी घातला खरा, पण सिंप्लिचिओच्या तोंडी, जो पुस्तकभर वादात हरत असतो. शहाण्या माणसाने हे करू नये. शिवाय कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातलं तीस वर्षांचं युद्ध ऐन भरात होतं आणि स्पेनच्या बाजूचे कार्डिनल मार्च १६३२ मध्ये पोपवर भर सभेत आरोप करत होते की तो पाखंड्यांशी मवाळ वागतो. नरमाई दाखवायची सोय उर्बानला राहिली नव्हती.

खटल्याच्या मध्ये तडजोड जवळपास ठरली होती. इन्क्विझिशनचा अधिकारी माकुलानो याने गॅलिलिओला खाजगीत भेटून चूक कबूल करायला राजी केलं होतं. पोपने जूनमध्ये ते पुरेसं मानलं नाही. २२ जून १६३३ रोजी ६९ वर्षांच्या गॅलिलिओने गुडघे टेकून शपथेवर आपलं मत सोडलं. निकालात "पाखंडाचा तीव्र संशय" असे शब्द होते. १० कार्डिनलांपैकी ७ जणांचीच त्यावर सही आहे, आणि सही नसलेल्यांत पोपचा पुतण्या होता. "तरी ती फिरतेच" हे वाक्य तो पुटपुटला ही कथा छापील स्वरूपात १७५७ मध्ये येते, तेव्हा ती सोडून द्या. अंधारकोठडीही नव्हती. काही महिने सिएनाच्या आर्चबिशपकडे, मग फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीला स्वतःच्या घरी नजरकैद, जानेवारी १६४२ मध्ये मरेपर्यंत. छळ झाला नाही, पण छळाची धमकी कागदोपत्री आहे, आणि सत्तरीच्या माणसाला ती पुरते.

जिओर्दानो ब्रूनोचं नाव इथे हमखास येतं. १७ फेब्रुवारी १६०० रोजी त्याला रोममध्ये जिवंत जाळलं. आरोपांत अनेक जगांची कल्पना होती, पण मुख्य मुद्दे ख्रिस्ताचं देवत्व, त्रैक्य असे धर्मशास्त्रीय होते. तो खगोलशास्त्रज्ञ नव्हता. क्रौर्य म्हणून त्याचा निषेध करायला तो खगोलशास्त्रज्ञ असण्याची गरजही नाही.

मग चर्च खगोलशास्त्राचं वैरी होतं का? ईस्टरची तारीख काढायला सूर्याचं अचूक वर्षमान लागतं, म्हणून चर्चने या शास्त्रावर सढळ हाताने पैसा खर्च केला. बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चच्या छताला सुमारे २७ मीटर उंचीवर भोक पाडून फरशीवर ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आखली ती जिओव्हान्नी कासिनीने, १६५५ मध्ये. दुपारी सूर्याचं बिंब फरशीवर पडायचं, त्याचा आकार वर्षभर मोजायचा. जुन्या सिद्धान्ताप्रमाणे हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या बिंबांच्या आकारात जेवढा फरक पडायला हवा, त्याच्या निम्माच निघाला. निम्मा फरक म्हणजे केप्लरचं गणित बरोबर. पोपच्या राज्यात, चर्चच्या फरशीवर, बंदी असलेल्या लेखकाची बाजू खरी ठरत होती. फक्त कासिनीने सूर्य फिरतो की पृथ्वी हे बोलायचं नव्हतं. त्याच शहरातला जेझुइट रिचोली याने १६५१ मध्ये पृथ्वीच्या गतीच्या बाजूचे ४९ आणि विरुद्धचे ७७ मुद्दे मांडून ठेवले. पृथ्वी फिरत असेल तर उत्तरेकडे डागलेला तोफगोळा थोडा वळायला हवा, असं त्यातल्या एका मुद्द्यात त्याने म्हटलं होतं. वळतोच, पण त्या काळच्या तोफांनी ते मोजणं शक्य नव्हतं.

या गोष्टीचा एक धागा गोव्यातून जातो. योहान श्रेक हा गॅलिलिओबरोबर रोमच्या लिंचेई अकादमीचा सदस्य, १६११ मध्येच जेझुइट झाला. १६१८ मध्ये चीनला जाणाऱ्या तुकडीबरोबर तो दुर्बीण घेऊन गोव्याला उतरला. त्याच हिवाळ्यात आकाशात धूमकेतू आले. त्याच तुकडीतल्या किर्विट्झर याने भारतातली ही निरीक्षणं १६२० मध्ये छापली. त्याच धूमकेतूंवरून रोममध्ये गॅलिलिओचं जेझुइटांशी कायमचं बिनसलं, आणि त्या भांडणात धूमकेतू चंद्रापलीकडे असतात हे बरोबर सांगणारा जेझुइट ग्रासी होता, गॅलिलिओ नव्हे. पुढे चीनमधून श्रेकने ग्रहणांच्या गणितासाठी गॅलिलिओकडे मदत मागितली, ती आली नाही. प्रोटेस्टंट केप्लरने दिली. आणि १६१६च्या हुकमामुळे जेझुइटांनी चीनच्या दरबारात टायकोची मांडणी नेली, पृथ्वी स्थिर ठेवणारी. बंदी सैल झाल्यावरच, म्हणजे १७५८ नंतर, बेन्वा या जेझुइटाने चियानलाँग बादशहापुढे कोपर्निकस उघडपणे मांडला. तोवर युरोपात ही शिळी बातमी झालेली होती. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३३ची बातमी ऐकून आपलं तयार पुस्तक छापायचं रद्द केलं, हे हॉलंडमध्ये, जिथे इन्क्विझिशनचा हात पोचतही नव्हता. हुकमाचं खरं नुकसान हे होतं, आणि ते नजरकैदेतल्या एका म्हाताऱ्यापुरतं नव्हतं.

शेवटचा प्रश्न, सिद्ध कधी झालं. न्यूटनच्या १६८७च्या यांत्रिकीनंतर टायकोच्या मांडणीला भौतिक आधारच उरला नाही, त्यामुळे बहुतेक गणितज्ञांनी तेव्हाच विषय संपवला. प्रत्यक्ष निरीक्षण आलं ते १७२०च्या दशकाच्या अखेरीस. जेम्स ब्रॅडली पराशय शोधत होता आणि त्याला सापडलं भलतंच: पृथ्वीच्या वेगामुळे सगळ्या ताऱ्यांचा प्रकाश वर्षभर किंचित तिरपा येतो, सुमारे २० विकलांनी. पृथ्वी हलत असल्याचा हा पहिला थेट पुरावा. १७४४ मध्ये पादुआत गॅलिलिओचा संवाद चर्चच्या परवानगीने, तळटीपा लावून, पुन्हा छापला गेला. १७५८च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून पृथ्वीच्या गतीवरच्या पुस्तकांवरची सरसकट बंदी निघाली, पण कोपर्निकस, केप्लर, गॅलिलिओ यांची नावं तशीच राहिली.

१८२० मध्ये रोममधला प्राध्यापक जुझेप्पे सेत्तेले याच्या पाठ्यपुस्तकाला पोपचा मुख्य ग्रंथपरीक्षक आन्फोस्सी याने परवानगी नाकारली, कारण त्यात पृथ्वी फिरते असं सरळ लिहिलं होतं. सेत्तेलेने दाद मागितली, वरच्या मंडळाने आन्फोस्सीला गप्प केलं, आणि १८२२ मध्ये अशी पुस्तकं छापू देण्याचा निर्णय झाला. १८३५च्या यादीत ती तीन नावं पहिल्यांदा नव्हती. फ्रीडरिश बेसेलला राजहंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मिळाला १८३८ मध्ये, एक तृतीयांश विकलेहूनही कमी. बेलार्मिनोला हवा होता त्या जातीचा पुरावा हाच, आणि तो आला तेव्हा रोमला त्याची गरज उरली नव्हती.